धर जरा

नर्सबाईंनी कागदावरची नजर न उचलता विचारलं, "तुमच्या जन्माच्या वेळी आईला काही त्रास झाला होता? रक्तदाब, ताप, बाळंतपणानंतर काही?" आणि तिने तितक्याच सहजपणे सांगून टाकलं, "माहीत नाही." नर्सबाईंनी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न घेतला. सातवा महिना सरत आला होता, वजन बरोबर होतं, पावलांवर थोडी सूज होती, बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून ती बसथांब्यावर येऊन उभी राहिली आणि तिथे, फाईल काखेत धरून, तिच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो. माहीत नाही असं नव्हतं. माहीत होतं, आणि गेली चोवीस वर्षं ते तिने कुणाजवळ काढलं नव्हतं. नवऱ्याजवळ नाही, मैत्रिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ काढायला हवं होतं ती आई तर जाऊन दहा वर्षं होत आली होती.

बस चार मिनिटं उशिरा आली. हे तिला घड्याळ न पाहता कळलं, कारण ती वेळ तिनेच ठरवलेली होती. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं जिथे तयार होतात त्या कचेरीत ती अकरा वर्षं काम करत होती. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर कधी पोचायची, चालकाने चहाला किती मिनिटं थांबायचं, शाळा सुटताना कुठल्या रस्त्याला किती उशीर धरायचा, हे सगळं ती मोठमोठ्या कागदांवर तिरक्या रेघा ओढून बसवायची. चालक-वाहक तिला वेळबाई म्हणायचे, तोंडावर अदबीने आणि पाठीमागे जरा वैतागून. तिला ते नाव आवडायचं. एखादी गोष्ट कधी होणार हे आधी ठाऊक असलं की तिच्या जिवाला बरं वाटायचं, आणि म्हणूनच, खिडकीजवळच्या बाकावर बसून, पोटावर फाईल टेकवून, ती त्या आडव्या रेघेकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली. पोटातल्याने आतून फाईलला एक लाथ मारली. फाईल हलली. समोरची बाई हसली, तीही हसली, आणि फाईल पालथी करून मांडीवर घेतली.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सुट्टीत आत्याकडे गेलेली. परत निघायची घाई होती आणि तिची एक चप्पल सापडत नव्हती, म्हणून ती जिन्याखालच्या कोनाड्यात वाकून हात फिरवत होती. वर कठड्यापाशी आत्या शेजारणीशी बोलत होती. "हिच्या आईने हिला दीड महिना हात लावला नव्हता," आत्या म्हणाली, "जन्मल्यावर. सगळं माझ्या भावाने केलं." शेजारीण चुकचुकली, आणि मग दोघी कुठल्याशा पडद्यांच्या कापडाबद्दल बोलायला लागल्या. चप्पल तोवर सापडली होती, पण ती तशीच वाकून राहिली. चपलेच्या अंगठ्याचा टाका अर्धा उसवला होता, तो ती नखाने पुरता उसवत राहिली. घरी पोचल्यावर दारातच आईने तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि गाल इतके दाबले की ओठांचं माशासारखं तोंड झालं. आईची ती खोडच होती. आई सिनेमाच्या थिएटरात तिकीट खिडकीवर बसायची, दिवसभर काचेतल्या छोट्या भोकातून माणसांशी बोलायची, आणि घरी आली की तिला माणसांना हात लावल्याशिवाय चैन पडायचं नाही. येता-जाता केस ओढ, पाठीत धपाटा घाल, मांडीवर पाय टाक. त्या दिवशी आईच्या तळव्यांत तोंड अडकलेलं असताना तिने पहिल्यांदा विचार केला, हे हात कधीतरी लागले नव्हते. का लागले नव्हते? आणि विचारायचं म्हटलं तरी त्या माशाच्या तोंडाने शब्द फुटला नसता. मग वर्षं गेली, विचारायचं राहिलं. नंतर आई आजारी पडली, आणि आजारी माणसाला असलं काही विचारतात का.

दवाखान्यातून आल्यापासून ती स्वतःच्या हातांवर नजर ठेवायला लागली. तसे ते साधे हात होते. उजव्या मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा, डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण. हे हात त्याला घेतील ना, असं ती स्वतःला विचारायची, आणि विचारून झाल्यावर स्वतःवरच चिडायची, कारण बाकी सगळं इतकं आनंदाचं होतं. नवरा तर हवेतच होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर साचे पाठवायचे आणि हा बाजारातल्या आपल्या खोलीत बसून अनोळखी माणसांचे दात घासूनपुसून चकाकते करायचा. येणाऱ्याला तो प्रवासी म्हणायचा, हिच्याच नोकरीवरून उचललेलं नाव. "प्रवाशाला आधी दात नसणार, हा एक धक्का आहे मला," तो म्हणायचा. "घरचं गिऱ्हाईक, आणि सुरुवातीला काही कामच नाही." बाळ गुंडाळायचा सराव म्हणून त्याने एक तीन किलोचं कलिंगड आणलं आणि चार दिवस रोज संध्याकाळी ते टॉवेलमध्ये गुंडाळून घरभर फिरवलं. मान सांभाळायची म्हणून देठाकडून हात घालायचा. पाचव्या दिवशी ते कापून खाताना त्याला खरंच थोडं वाईट वाटलं, आणि त्याचा तो चेहरा बघून तिला इतकं हसू आलं की पोट धरून खाली बसावं लागलं. पण कलिंगड तिने एकदाही हातात घेतलं नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

आठव्या महिन्यात कचेरीतली एक जण तिचं तीन महिन्यांचं बाळ दाखवायला घेऊन आली. बाळ टेबलाटेबलावरून फिरलं, साहेबांच्या कोटावर त्याने लाळ गाळली, साहेबांनी ती पुसलीसुद्धा नाही. "आता वेळबाईंकडे द्या, त्यांना सराव होऊ दे," कुणीतरी म्हणालं. "मला सर्दी आहे," ती म्हणाली आणि रुमाल नाकाला लावला. सर्दी बिर्दी काही नव्हती. रुमालाआडून तिने त्या बाळाची मूठ पाहिली, कुणाच्या तरी पेनाभोवती आवळलेली, आणि तिच्या काळजात धस्स झालं. बाळाला भिऊन नव्हे. आपण इतक्या सफाईने खोटं बोललो म्हणून.

नववा लागल्यावर बाबा राहायला आले. बाबा काचा बसवायचे. चाळीस वर्षं त्यांनी याच्या-त्याच्या खिडक्यांना काचा बसवल्या होत्या, आणि आईची त्यांची ओळखसुद्धा तशीच झालेली, थिएटरच्या तिकीट खिडकीची काच तडकली होती तेव्हा. आले ते एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी घेऊन. "पेटी कशाला आणलीत?" तिने विचारलं. "राहू दे," ते म्हणाले, आणि पाणी पिऊन व्हायच्या आत बाळाच्या खोलीतल्या खिडकीपाशी उभे राहून काचेवर बोटाने टिचकी मारू लागले. काच चौकटीत सैल होती, वारा आला की थरथरायची. दोन वर्षं थरथरत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. दुपारभर बसून त्यांनी काचेच्या कडेची जुनी वाळलेली लांबी खरवडली, काच अलगद बाहेर काढली, पुसली, आणि पुन्हा बसवली. बाबा फार बोलणारे नव्हते. आई होती तेव्हा घरात बोलायला जागाच नसायची, आणि आई गेल्यावर त्यांना ती सवय लागली नाही. ती पलंगावर कुशीवर पडून त्यांचे हात बघत राहिली. जागोजागी पांढऱ्या बारीक खुणा होत्या, पण काच धरताना ते हात कसे हलके व्हायचे, बोटं नुसती टेकलेली, धरलीच नसावी अशी. आता विचारावं, असं तिच्या मनात तीनदा आलं. पहिल्यांदा बाबा वाकलेले होते, दुसऱ्यांदा त्यांच्या ओठांत खिळे होते, आणि तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बघ आता, आवाज येतो का," आणि तिने सांगितलं, नाही येत.

प्रवासी मात्र यायचं नाव घेईना. ठरलेली तारीख गेली, वर आठ दिवस गेले. चालक-वाहकांचे फोन यायला लागले. त्यातल्या एका जुन्या चालकाने तर फार गंभीरपणे विचारलं, "बाई, आमची गाडी आठ मिनिटं उशिरा आली की तुम्ही कागद पाठवता. आता कागद कुणी कुणाला पाठवायचा?" ती हसून हसून बेजार झाली. अकराव्या दिवशी सकाळी नवऱ्याला डबा भरून देताना तिच्या कमरेतून एक कळ निघाली आणि पुढे येऊन थांबली. तिने घड्याळ पाहिलं. दुसरी कळ आली तेव्हा पुन्हा पाहिलं. पाचवीपर्यंत तिने डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने मिनिटं मांडली होती. दवाखान्यात नर्सबाईंनी ते झाकण तिच्या हातातून काढून घेतलं, पाठोपाठ मनगटावरचं घड्याळही काढलं आणि नवऱ्याच्या खिशात टाकलं. "आता वेळ मी सांगणार," त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त श्वास घ्या." आणि मग पुढचं सगळं बिनघड्याळाचं झालं. कळ यायची ती कुठून यायची कळायचं नाही. जणू इमारतीच्या पायातून काहीतरी वर चढत यायचं, तिला पुरतं व्यापून टाकायचं आणि ओसरायचं. मध्येच एखादा क्षण असा स्वच्छ मिळायचा की तिला छतावरच्या दिव्याभोवती फिरणारी एक माशी दिसायची आणि तिच्याबद्दल माया वाटायची. नवरा तिचा हात धरून होता, की ती त्याचा धरून होती. नंतर आठवडाभर त्याची दोन बोटं सुजलेली होती. ती ओरडली. आपला आवाज इतका मोठा आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं, आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत तिला त्या आवाजाचा अभिमानसुद्धा वाटला. "आलं, आलं, डोकं आलं," नर्सबाई म्हणत होत्या. मग एक सुटका झाली, अशी की अंगातलं सगळं फर्निचर कुणी एकदम बाहेर नेलं असावं. मग एक रेकलेला, रागावलेला आवाज आला. मुलगी होती.

तिच्या छातीवर काहीतरी ओलं आणि ऊन ठेवलं गेलं. अंदाजापेक्षा जड होतं. चेहरा सुजलेला, एक डोळा बंद, एक अर्धा उघडा, आणि त्या अर्ध्या डोळ्याने ते तिच्याकडे असं बघत होतं की लांबच्या प्रवासातून उतरून चुकीच्या घरी आल्याची शंका यावी. "या," ती म्हणाली. नर्सबाई हसायला लागल्या. "अहो, लेक आहे तुमची, या काय?" नवरा रडत होता, उघडपणे, नाक ओढत. बाहेरून आत आलेले बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांचे डोळेही भरले होते. सगळे रडत होते, छातीवरची तर टाहो फोडत होती, आणि ती एकटी कोरड्या डोळ्यांनी छताकडे बघत होती. माशी गेली होती. आता येईल, ती मनाशी म्हणाली. ते जे काही यायचं असतं ते आता येईल.

घरी आल्यावर तिने सगळं नीट केलं, अगदी नीट. मोठा कागद काढला, रकाने पाडले: दूध, झोप, शी, शू, अंघोळ. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. दर तीन तासांनी दूध. नवरा जाता-येता कागदासमोर उभा राहून वाचायचा, "बाराची शू सहा मिनिटं लवकर सुटलेली दिसते," आणि ती हसायची. घर हसतंच होतं. चार दिवसांत नवऱ्याने लंगोट बांधायची स्वतःची एक पद्धत काढली होती, जी दर वेळी सुटायची. बाबा दोरीवर इवले कपडे वाळत घालताना प्रत्येकाला दोन चिमटे लावायचे, वाऱ्याने उडतील म्हणून, आणि गॅलरीत उभे राहून खालच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे ते कपडे पसरायचे. वेळ झाली की ती बाळाला घ्यायची, पाजायची, ढेकर काढायची, ठेवायची. हात चुकत नव्हते. पण ठेवलं की तिला सुटल्यासारखं वाटायचं, आणि सुटल्यासारखं वाटलं की ती पुन्हा जाऊन कागदावरचे रकाने तपासायची. भरल्या घरात आपण एकट्याच दाराबाहेर उभ्या आहोत आणि आतला आनंद ऐकू येतोय, असं काहीतरी. आत्याचा फोन आला. "कसं आहे ग सगळं? घेतेस ना नीट?" आत्याने सहजच विचारलं असेल. तिने फोन नवऱ्याकडे दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

सातव्या दिवशी सकाळी नवरा पहिल्यांदा कामावर गेला. एका म्हाताऱ्याची कवळी अडून राहिली होती, नातीच्या साखरपुड्याला त्याला हसायचं होतं. घरात ती, बाबा आणि प्रवासी. अंघोळीची वेळ झाली. टबात कोमट पाणी काढून झालं, कोपराने बघून झालं, टॉवेल पसरून झाला, आणि बाळाला उघडं करून उचलायच्या वेळी तिचे हात पुढे जाईनात. नुसते मांडीवर पडून राहिले. बाळ टॉवेलवर हातपाय झाडत होतं. बाबा दारात उभे होते. "बाबा," ती म्हणाली, "मला काहीच वाटत नाहीये." मग तिने सगळंच सांगून टाकलं, खाली बघत, एका दमात. "सगळ्यांना वाटतंय. मला तिची काळजी वाटते, भीती वाटते, वेळ पाळावीशी वाटते, पण ते दुसरं काही वाटतच नाही. आणि मला माहीत आहे, बाबा. आईने मला दीड महिना हात लावला नव्हता. आत्या सांगत होती कुणालातरी. मी ऐकलं होतं."

बाबांनी बाह्या सरसावल्या. टबापाशी बसले, एक हात बाळाच्या मानेखाली घातला, एक मांड्यांखाली, आणि तिला पाण्यात उतरवलं. बोटं नुसती टेकलेली, धरलीच नसावी अशी. बाळ एकदम गप्प झालं. "दीड महिना झाला असेल," ते म्हणाले. "मी मोजला नाही. तुझ्या आत्याने मोजला वाटतं." मग बराच वेळ ते ओंजळीने पाणी घालत राहिले. "तुझी आई रोज दारात यायची. इथे तू बसली आहेस तितक्या अंतरावर. आत यायची नाही. माझ्या हातून पडेल म्हणायची. मला म्हणायची, तुम्हाला काचेची सवय आहे, तुम्हीच करा. रडायची, झोपायची नाही, काही खायची नाही. डॉक्टरणीने बघितलं, म्हणाली, होतं असं काहींना, आजारच असतो हा, गोळ्या घ्या. घेतल्या. मी रजा टाकली होती. मला तरी कुठे येत होतं? पण करत गेलो."

"मग?"

"मग काय. एक दिवस मी तुला अंघोळ घालत होतो. ती दारात. माझ्या डोळ्यात साबण गेला. म्हटलं, धर जरा, मला दिसत नाहीये. दुसरं कुणी नव्हतंच घरात. तिने धरलं. मी डोळे धुवायला गेलो, आणि तेवढ्यात तू मुतलीस तिच्या अंगावर. हसण्याचा आवाज आला मला. मी तोंड पुसून आलो तरी ती हसतेच आहे, वरून खालपर्यंत भिजलेली. त्यानंतर तू मला मिळालीच नाहीस."

तिने वर पाहिलं. बाबांच्या कपाळावर घाम होता. "बाबा, खरंच साबण गेला होता डोळ्यात?"

बाबांनी बाळाच्या कानामागे पाणी लावलं. "गेला होता," ते म्हणाले. "थोडासा." आणि मग, पाण्याकडेच बघत, जे ती कधीच विसरणार नव्हती ते त्यांनी इतक्या हळू सांगितलं की नळ चालू असता तर ऐकू आलं नसतं. "तुला एक सांगतो. ते माझे फार चांगले दिवस होते. ती आजारी होती, त्याचा घोर होताच. पण तू अख्खी माझी होतीस. सकाळी उठलो की तू. तुझ्या आईपाशी कधी बोललो नाही हे, तिला वाईट वाटलं असतं. तुझ्या आत्यालाही नाही. ती बिचारी मला म्हणायची, काय रे तुझ्या नशिबी आलं, आणि मी मान हलवायचो."

चोवीस वर्षं तिने तो दीड महिना एखाद्या रिकाम्या, थंड खोलीसारखा सांभाळला होता. आणि त्या खोलीत तर कुणीतरी होतं. बाह्या सरसावलेला एक तरुण माणूस होता, उशिरा जेवत होता, अर्धवट झोपत होता आणि मनातल्या मनात सुखाने वेडा झालेला होता. आणि दारात एक बाई होती, जी आत येत नव्हती, पण रोज येत होती. रोज, हा शब्द आत्याने सांगितला नव्हता. दारात उभं राहणं म्हणजे काय असतं हे आता तिला ठाऊक होतं. पाठ वळवून जाणारं माणूस दारात कशाला उभं राहील? तिला एकदम आई दिसली, आजारपणातली नव्हे, तिकीट खिडकीतलीही नव्हे. तेहतीस वर्षांपूर्वीची, हिच्यापेक्षा लहान, केस न विंचरलेली, चौकटीला टेकलेली एक घाबरलेली मुलगी. आणि तिला त्या मुलीला हाताला धरून सांगावंसं वाटलं, होईल, थांब जरा.

"तुला झोप लागते का?" बाबा विचारत होते. "खाणं जातं? वेडेवाकडे विचार येतात?" झोप लागत होती, मिळाली तर. खाणं जात होतं. विचार एवढाच येत होता. "तरी डॉक्टरणीला सांग," ते म्हणाले. "आजच सांग. लपवून ठेवू नकोस, तेवढंच एक आम्ही चुकलो, सगळ्यांपासून लपवलं." तिने दुपारी फोन केला. डॉक्टरणीने दहा-बारा प्रश्न विचारले, सावकाश ऐकून घेतलं, दोन दिवसांनी येऊन जा म्हणाली, आणि शेवटी म्हणाली, "हे बघा, काहींना पहिल्या मिनिटाला वाटतं, काहींना ओळख व्हावी लागते. माणूस आहे ते, ओळख व्हायला वेळ लागणारच." संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी तुला बाराची शू सांगत बसलो होतो." तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग तो म्हणाला, "म्हातारा हसला आज. अख्खे दात दाखवून." तेव्हा ती रडली. सात दिवसांचं साठलेलं, मोकळं, नाक ओढत.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. झाल्या त्या बारीकसारीक गोष्टी, आणि त्या कागदावर कुठल्या रकान्यात मांडाव्यात हे तिला कळेना. दहाव्या दिवशी बाळाला शिंक आली आणि ते स्वतःच्याच शिंकेने इतकं दचकलं की दोन्ही हात फेकून जगाला थांबवायला निघालं. ती हसली, आणि हसताना लक्षात आलं की मघापासून आपण हिच्याकडे बघत बसलो आहोत आणि दूध पाजून झाल्याला अर्धा तास उलटला आहे. तेराव्या दिवशी तिला बाळाच्या पावलाच्या करंगळीवर नख आहे की नाही असा प्रश्न पडला, म्हणून तिने भिंग आणलं. होतं, तिळाच्या टोकाएवढं. ती बातमी तिने नवऱ्याला कामावर फोन करून कळवली. पंधराव्या दिवशी पाजता पाजता बाळाने थांबून, तोंडातून दुधाचा ओघळ गाळत, दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी एकटक. एखाद्या माणसाने आपल्याला आधी कुठेतरी पाहिलंय आणि त्याला नाव आठवत नाहीये, तसं. "मीच ती," ती म्हणाली. बाळाने जरा विचार केला आणि पुन्हा कामाला लागलं. तिच्या पोटातून वर काहीतरी उमलत आलं, ऊन आणि थोडं दुखरं, आणि तिने ते ओळखलं नाही, नुसतं येऊ दिलं. भिंतीवरचा कागद सतराव्या दिवसापर्यंत भरलेला होता. पुढे कुणी भरला नाही. का भरला नाही हे घरात कुणी विचारलं नाही.

वीस दिवस झाले आणि बाबांना परत जावं लागलं. कुठल्याशा दुकानाची दर्शनी काच बसवायची होती, आणि ते काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोडलं नसतं. निघताना त्यांनी बाळाला घेतलं, तिच्या डोक्याचा वास घेतला, लांबलचक, आणि हिच्या हातात दिलं. जिना उतरताना पेटीतली हत्यारं वाजत गेली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळपासून प्रवाशाचं काय बिनसलं होतं कोण जाणे, दूध नको, झोप नको, कडेवर नको, खाली नको. नवऱ्याने तिला घेऊन घराच्या इतक्या फेऱ्या मारल्या की त्याच्या हिशेबाने तो एव्हाना शेजारच्या शहरात पोचला असता. त्याने तिला कवळ्या कशा बनवतात हे पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितलं, आणि साच्यात मेण ओतायच्या टप्प्यावर ती झोपली. दोघांनी श्वास रोखला. त्याने तिला पाळण्यात उतरवलं, हात एकेक बोट करून काढून घेतला, आणि दोघं चोरपावलांनी स्वयंपाकघरात आले. दुपारचा एक वाजला होता. बाहेर ऊन स्वच्छ होतं, कुठेतरी कुणी गालिचा झटकत होतं. त्याने चहा टाकला, कप अगदी हळू ठेवले, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. कुजबुजत म्हणाला, "आता दोन तास. शपथेवर सांगतो, दोन तास हलायचं नाही."

तिने चहा घेतला. चहा गरम होता, शेवटपर्यंत गरम मिळालेला कितीतरी दिवसांतला पहिला. तिने कप धुतला. बाहेरचं गालिचा झटकणं थांबलं आणि घर इतकं शांत झालं की तिला त्या शांततेत काहीतरी कमी वाटायला लागलं, जेवताना ताटात एखादा जिन्नस वाढायचा राहिला असावा तसं. ती उठली. पलीकडच्या खोलीत जाऊन पाळण्यापाशी उभी राहिली. बाळ गाढ झोपलं होतं, एक मूठ गालाखाली, ओठ मधूनमधून चोखल्यासारखे हलत होते. दुधाची वेळ व्हायला अजून अवकाश होता. लंगोट कोरडा होता. काहीही कारण नव्हतं. तिने वाकून एक हात मानेखाली घातला, एक मांड्यांखाली, आणि तिला उचलून गळ्याशी धरलं, आणि तिच्या मानेच्या घडीत नाक खुपसून डोळे मिटून उभी राहिली. क्षणभर काही झालं नाही. मग गळ्याशी एक हालचाल, एक खोल श्वास, आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा टाहो.

नवरा दारात येऊन उभा राहिला, केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. "अगं, झोपली होती ना?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "का उचललंस?"

"उगाच," ती म्हणाली.